यंत्राचा आवाज बंद ठेवावा

भूगोलाच्या सरांना तंत्रज्ञानातलं कळतं, असा गैरसमज शाळेत पसरला तो एका प्रिंटरमुळे. स्टाफरूममधला प्रिंटर तीन दिवस कागद गिळून बसला होता. सरांनी वैतागून त्याची पिन उपटली, पुन्हा खोचली, आणि प्रिंटरने गिळलेले सगळे कागद एका दमात ओकले. माणसाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. आलेच तर माणसाने गप्प राहावं. सर गप्प राहिले नाहीत. "यंत्राला समजून घ्यावं लागतं," असं ते हात झटकत म्हणाले, आणि नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दारातून आत आल्या.

पुढच्याच आठवड्यात सरांच्या टेबलावर आदेश येऊन पडला. शाळेच्या वरच्या वर्गांत सहा मुलं अशी होती की ज्यांना डोकं होतं, पण वाचता-लिहिता धड येत नव्हतं. त्यांना यंत्रांच्या मदतीने कॉलेजसाठी तयार करायचं होतं. छापलेलं वाचून दाखवणारी यंत्रं, बोललेलं लिहून घेणारी यंत्रं, असा सगळा सरंजाम वरच्या कार्यालयाने पाठवून दिला होता आणि आता तो कुणाच्या तरी गळ्यात बांधायचा होता.

"बाई, मी भूगोल शिकवतो," सर म्हणाले.

"म्हणूनच तुम्हाला दिलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलांना दिशा दाखवायची आहे."

बावीस वर्षांच्या नोकरीत सर एवढं शिकले होते की मोठ्या बाई हसून विनोद करत असतील तर काम टळतं. न हसता केला तर ते आपल्याच अंगावर येतं.

खोली मिळाली ती जिन्याखालची. तिथे आधी कसरतीच्या गाद्या, एक पाय गेलेला विज्ञानाचा सांगाडा आणि कुठल्याशा जुन्या नाटकातला पुठ्ठ्याचा राजवाडा राहत होता. गाद्या हलवल्या, राजवाडा भिंतीला टेकवला. सांगाड्याला दुसरीकडे कुणी घेईना, म्हणून तो कोपऱ्यातच राहिला. पहिल्या दिवशी सहातला एक मुलगा त्याच्याकडे बघत म्हणाला, "सर, हा आधीच्या बॅचचा का?" त्या मुलाला सगळे वकील म्हणत. तो बोलायला लागला की समोरचा गप्प व्हायचा, आणि लिहायला बसला की तो स्वतः गप्प व्हायचा.

यंत्रं खोक्यांत होती, खोक्यांवर सील होतं, आणि तपासणी अधिकाऱ्यांनी पाहिल्याशिवाय सील फोडायचं नाही असा नियम होता. हे हेडक्लार्कने सांगितलं. हेडक्लार्क तसा वाईट माणूस नव्हता. वस्तू वापरली की जुनी होते, या एका दुःखाने त्याचा चेहरा कायमचा उतरलेला असे, इतकंच.

"मग तपासणी अधिकारी येणार कधी?" सरांनी विचारलं.

"यंत्रं वापरात आली की येतात."

"सील फोडल्याशिवाय ती वापरात येणार कशी?"

"तेच तर ते येऊन बघतात, सर."

या संभाषणात साडेतीन आठवडे गेले. सहा मुलं रोज एक तास खोक्यांसमोर बसून खोक्यांवरची चित्रं बघत होती. शेवटी सरांच्या बायकोने तोडगा काढला. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि दिवसभर घाबरलेल्या माणसांना सुई टोचत असल्यामुळे घरी आल्यावर तिच्याकडे सहानुभूती फारशी शिल्लक नसे. "सील वरच्या बाजूला आहे ना?" ती म्हणाली. "मग खोकं खालून उघडा." अशा रीतीने त्या मुलांच्या उच्च शिक्षणाचा आरंभ सरांनी खोकी उलटी करून केला.

बोललेलं लिहून घेणारं यंत्र आधी सरांनी स्वतः वापरून दाखवलं. शिक्षकाने आधी करून दाखवावं, असं त्यांचं मत होतं. मत चांगलं होतं, पण त्यांचा समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता आणि त्या फटीतून वारा जायचा. "पृथ्वी सूर्याभोवती फिरते," असं सर स्पष्ट, सावकाश म्हणाले. पडद्यावर अक्षरं उमटली: पृथ्वी सासूभोवती फिरते. पोरं बाकावरून खाली पडायची राहिली. सरांनी पुन्हा सांगितलं, यंत्राने पुन्हा सासू लिहिली. मग वकिलाने तेच वाक्य घाईघाईत, तोंडात पेन धरून म्हटलं, आणि यंत्राने ते सूर्यासकट अचूक लिहिलं. त्या खोलीतल्या प्रत्येकाचं बोलणं यंत्राला समजत होतं, सर सोडून. घरी हा प्रसंग त्यांनी बायकोला सांगितला, कारण कुणाला तरी सांगणं भाग होतं. "त्यात चुकीचं काय लिहिलं त्याने?" बायको म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन आपल्या सासूला गोळ्या दिल्या.

इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहत. जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ व्हॉल्व्हमध्ये असतं, असं ते मानत, म्हणून त्यांना व्हॉल्व्हसाहेब म्हणत. त्यांनी सरांना जिन्यातच गाठलं.

"मास्तर, मुलांना तुम्ही पांगळं करताय," ते म्हणाले. "यंत्राने वाचून दाखवलं तर ती वाचायला शिकणार कधी? उद्या यंत्र बंद पडलं तर?"

"साहेब, तुमचा चष्मा फुटला तर?" सर म्हणाले.

व्हॉल्व्हसाहेबांनी कानातलं मशीन नीट बसवलं आणि सरांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आल्यावर ते तीन आठवडे सरांशी बोलले नाहीत. प्रकल्पाचं पहिलं दृश्य यश म्हणून सरांनी मनातल्या मनात याची नोंद केली.

सहाजणांत एक मुलगी होती, तिला भिंगरी म्हणत. लहानपणी बाईंनी विचारलं होतं की वाचत का नाहीस, तेव्हा ती म्हणाली होती, अक्षरं भिंगरीसारखी फिरतात. अक्षरं थांबली नाहीत, पण नाव चिकटलं. तिची आई कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. चेन बदलायची, कंबर सैल करायची, कुणाचे वाढलेले पाय असतील तर दुमड उसवून द्यायची. शाळा सुटली की भिंगरी दुकानात बसे. गिऱ्हाइकांची मापं तिला तोंडपाठ असत, कारण वहीत लिहून ठेवली की पुन्हा वाचायची पंचाईत.

यंत्र हाताने लिहिलेलंही वाचतं, असं त्याच्या पुस्तिकेत म्हटलं होतं. एके दिवशी सरांनी विचारलं, "कुणाकडे एखादी जुनी वही आहे का?" भिंगरीने दप्तरातून आठवीची भूगोलाची वही काढली. वहीकडे नजर जाताच सरांना वाटलं, हा प्रश्न आपण विचारायला नको होता. पण तोवर भिंगरीने पानावर यंत्राचा कॅमेरा धरला होता.

यंत्राने आधी तिचं अक्षर वाचायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. मग ते लाल शाईपाशी आलं आणि त्याला हुरूप आला. गाडी उशिरा येणार आहे हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात ते म्हणालं, "आळस सोड. डोळे उघडे ठेवून लिहीत जा. पालकांना घेऊन ये. ही शेवटची ताकीद आहे. पाच गुण कमी."

अक्षर सरांचं होतं. सांगाडासुद्धा आपल्याकडे बघतोय असं त्यांना वाटलं. वकिलाला आयुष्यात पहिल्यांदा काही सुचलं नाही.

"असं लिहिलंय होय," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मला वाटलं, काहीतरी चांगलं असेल. बाकीच्यांच्या वहीत नुसती खूण होती, आणि माझ्या वहीत चार ओळी. म्हणून ठेवली मी ही वही."

सरांनी पुढे होऊन यंत्राची पिन उपटली. यंत्र बॅटरीवर चालणारं होतं. ते शांतपणे पुढचं पान वाचू लागलं.

त्या रात्री सरांना जेवण गेलं नाही. "तुम्हीच लिहिलं होतंत ना?" बायकोने विचारलं. "मीच." "मग ऐकायला कसली लाज?" त्या दिवसापासून सर अंतर्बाह्य बदलले, असं म्हणता आलं असतं तर सांगणाऱ्याचं काम सोपं झालं असतं. तसं काही झालं नाही. सर फक्त चारच्या ऐवजी साडेपाचला घरी जायला लागले, आणि तुटलेला दात त्यांनी बसवून घेतला.

भिंगरीला इतिहास घेऊन कॉलेजात जायचं होतं. हे तिने सांगितलं तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला. ज्या विषयात सगळ्यात जास्त वाचायचं, तोच हिला हवा. पोहता न येणाऱ्याने दीपगृहात नोकरी मागावी तसं, असं इतिहासाच्या बाई म्हणाल्या. सरांनी इतिहासाचं अख्खं पुस्तक यंत्रात घातलं. भिंगरीने ते ऐकलं, मग दुप्पट वेगाने ऐकलं, आणि मग इतक्या वेगाने ऐकायला लागली की बाजूला बसलेल्याला नुसती गोमाशी गुणगुणल्यासारखं वाटावं. आठवड्याभराने ती सरांकडे आली.

"सर, सगळीच साम्राज्यं पडतात का?"

"पडतात. का?"

"मला माहीतच नव्हतं. वर्गात माझं वाचन कायम धड्याच्या दुसऱ्या पानावर संपायचं. तिथे ती नुकतीच उभी राहिलेली असायची."

इतिहासाच्या बाईंनी तिची तोंडी परीक्षा घेतली. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या आणि सरांना म्हणाल्या की त्यांना स्वतःला दोन सनावळ्या पुन्हा बघाव्या लागतील. दीपगृहाबद्दल त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

आता राहिली प्रवेश परीक्षा. शंभर प्रश्न, दोन तास, प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. यंत्राने प्रश्न वाचून दाखवले तर भिंगरीला हे काम दीड तासाचं होतं. फक्त परीक्षा कार्यालयाची परवानगी हवी होती. ज्यांनी आयुष्यात कधी परवानगी काढलेली नाही, त्यांनाच या वाक्यातला 'फक्त' हा शब्द खरा वाटेल.

परीक्षा कार्यालयातल्या साहेबांनी नियम दाखवला. उमेदवाराने आपल्याला लिहिता-वाचता येण्यात अडचण असल्याचा अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात, खाडाखोड न करता लिहून द्यावा.

"साहेब, तिला ते येत नाही म्हणून तर अर्ज करायचा आहे," सर म्हणाले.

"बरोबर आहे. पण अर्ज तिने केलाय की तुम्ही, हे आम्हाला कसं कळायचं?"

सरांनी मजकूर लिहून दिला आणि भिंगरी जिन्याखाली बसून त्याची नक्कल करू लागली. पहिल्या दहा कागदांवर अक्षरांनी आपापल्या जागा बदलल्या. अकराव्यावर एक ओळच राहून गेली. बाराव्या वेळी तिने अक्षरं वाचायचा नाद सोडला आणि त्यांच्याकडे नक्षी म्हणून पाहिलं. कापडावरची वेलबुट्टी उतरवून घ्यावी तशी एकेक रेघ, एकेक काना तिने उतरवून घेतला. पाच तास लागले. कागद इतका देखणा झाला की सरांना तो देववेना.

साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला. मग शेजारच्या टेबलावरच्यालाही दाखवला.

"काय अक्षर आहे हो मुलीचं," साहेब म्हणाले. "मोत्यासारखं. हिला कसली अडचण?"

सरांनी त्यांना समजावलं. मग साहेबांच्या वरच्या साहेबांना समजावलं. डॉक्टरांचा दाखला जोडला. दाखला वर्षापूर्वीचा निघाला, तेव्हा अडचण अजून तशीच असल्याचा नवा दाखला जोडला. मधल्या काळात शाळेत तपासणी अधिकारी आले, सगळी सीलं शाबूत आहेत हे पाहून अत्यंत समाधानी झाले आणि खोकी जड कशी लागत नाहीत हे न विचारता निघून गेले. परीक्षेला नऊ दिवस असताना कार्यालयातून लिफाफा आला. मोठ्या बाईंनी तो सगळ्यांसमोर फोडला, भिंगरीचा आणि यंत्राचा फोटो काढायला लावला, आणि मग आदेश वाचला:

"उमेदवारास वाचन-यंत्र वापरण्याची परवानगी देण्यात येत आहे. परीक्षागृहातील शांततेच्या दृष्टीने यंत्राचा आवाज बंद ठेवावा. उमेदवाराने कानात कोणतेही उपकरण घालू नये."

"परवानगी मिळाली म्हणायची," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा सूर मात्र शेवटी जरा हलला.

सर त्याच पावली परीक्षा कार्यालयात गेले.

"साहेब, हे यंत्र वाचून दाखवतं. त्याचा आवाज बंद केला तर ते करणार काय?"

साहेबांनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "मनात वाचेल," ते म्हणाले.

चूक सरांच्या लक्षात आणून द्यावी तशा सबुरीने साहेबांनी पुढे सांगितलं की यंत्राचं खातं त्यांचं, आवाजाचं खातं शिस्त विभागाचं. शिस्त विभागाचे अधिकारी प्रशिक्षणाला गेले होते. विषय होता 'अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना समजून घेताना', आणि ते परीक्षा झाल्यावर परतणार होते. सर तीन दिवस कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले. त्या बाकाचा एक पाय तोकडा होता. कुणी शेजारी बसलं की सर वर जायचे, उठलं की खाली यायचे, आणि तेवढीच त्यांच्या प्रकरणात हालचाल होत होती. चौथ्या दिवशी साहेबांनाच दया आली. त्यांनी यंत्राऐवजी माणूस द्यायचं कबूल केलं. कार्यालयातला एक कर्मचारी प्रश्न वाचून दाखवेल. अट एकच, त्याला विषयाचं ज्ञान नसावं.

"मी वाचतो," सर म्हणाले. "मला इतिहासातलं काही कळत नाही, हवं तर आमच्या इतिहासाच्या बाई तसं लिहून देतील."

"तुम्ही त्याच शाळेचे. चालणार नाही."

परीक्षेच्या दिवशी भिंगरीची आई दुकान बंद ठेवून आली. ती आणि सर फाटकाबाहेर कठड्यावर बसले. सर मधूनमधून घड्याळ बघत होते, आणि आई हातातल्या रुमालाची उसवलेली कड दातांनी तोडून नीट करत होती. दोन तासांनी घंटा झाली, मुलं बाहेर पडली. भिंगरी सगळ्यांत शेवटी आली.

"किती?" सरांनी विचारलं.

"त्रेचाळीस."

"एवढे गुण नक्की मिळतील?"

"गुण नाहीत, सर. प्रश्न. तेवढेच वाचून झाले."

आईने तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. भिंगरीने सगळं पाणी एका दमात संपवलं.

निकाल लागला. सोडवलेल्या त्रेचाळीस प्रश्नांपैकी तिचे एक्केचाळीस बरोबर होते. कॉलेजचं दार पंचेचाळीसला बंद झालं. वकील दुसऱ्या एका कॉलेजात गेला, बाकीच्या चौघांचंही कुठे ना कुठे जमलं. मोठ्या बाईंनी अहवालात लिहिलं की कक्षाचा निकाल उत्साहवर्धक आहे आणि एका विद्यार्थिनीने परीक्षेला पूर्ण वेळ बसून दाखवलं.

सरांनी मात्र तक्रार लिहायला घेतली. चार पानं भरली. वाचून दाखवायला दिलेला कर्मचारी कामचुकार होता, त्याने दोन तासांत अर्धेसुद्धा प्रश्न वाचले नाहीत, त्याची चौकशी व्हावी, मुलीची परीक्षा पुन्हा घ्यावी. कागद घेऊन ते दुकानात गेले आणि भिंगरीला म्हणाले, "खाली सही कर."

"नको, सर," भिंगरी म्हणाली.

"का नको? तुझं वर्ष गेलं आहे."

ती मशिनवरची पँट सरकवत बसली. मग खाली बघूनच बोलली. "ते काका कामचुकार नव्हते. त्यांना वाचता येत नाही. म्हणजे येतं, माझ्यासारखं. पहिला प्रश्न त्यांनी तीनदा वाचला, तर तीन वेगवेगळे प्रश्न झाले. मग त्यांनी शब्दाखाली बोट ठेवलं आणि ते घट्ट दाबून धरलं, शब्द पळून जाईल म्हणून. मी पण तसंच धरते. तेव्हाच मला कळलं."

सरांनी सहीसाठी पुढे केलेलं पेन मागे घेतलं.

"एका शब्दावर आम्ही दोघंही अडकलो. ते हळूच म्हणाले, पोरी, तुला काय दिसतंय? मी म्हटलं, मला नीट दिसत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? त्यांना घाम आला होता. सकाळपासून त्यांनी आजारी असल्याचं सांगून बघितलं होतं, पण साहेब म्हणाले, नुसतं वाचायचं तर आहे."

"मग तिथल्या पर्यवेक्षकांना का नाही सांगितलंस?"

"नोकरीत एकतीस वर्षं काढली म्हणाले, कुणाला कळू दिलं नाही. दोन राहिलीत." तिने दोरा तोडला. "मी पुढच्या वर्षी बसेन, सर. त्यांना पुढच्या वर्षी काय करता येईल?"

आई दुसऱ्या मशिनवरून उठली आणि विनाकारण दुकानातल्या पँटी एका हँगरवरून दुसऱ्या हँगरवर लावू लागली.

सरांना भिंगरीचं म्हणणं अजिबात पटलं नाही. पुढच्या वर्षी तोच आदेश, तोच आवाज बंद आणि असाच कुणीतरी माणूस, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांनी रात्री दुसरा अर्ज लिहिला, अर्ध्या पानाचा: परीक्षागृहात वाचन-यंत्राचा आवाज चालू ठेवू द्यावा. सकाळी ते दोन्ही कागद घेऊन परीक्षा कार्यालयात गेले. तक्रारीवर मुलीची नसली तरी आपली सही चालेल, असं त्यांनी वाटेत ठरवून टाकलं होतं.

कागद आवक-जावकच्या खिडकीत द्यायचे होते. खिडकीमागे एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ बसला होता. टेबल लखलखीत, शिक्के ओळीने लावलेले, पेनं रंगाप्रमाणे. सरांनी तक्रार पुढे सरकवली. त्या माणसाने ती घेतली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथेच राहिलं. नखाचं टोक पांढरं होईपर्यंत त्याने ते दाबून धरलं होतं.

मग तो वर बघून हसला. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं हसू होतं ते. "चष्मा घरी राहिला, साहेब," तो म्हणाला. "कशाबद्दल आहे ते तोंडी सांगता का? रजिस्टरला तेवढा विषय लिहायचा असतो."

चष्मा त्याच्या नाकावर होता.

स्वतःच्या चौकशीचा कागद तो माणूस हातात धरून शिक्का मारायला तयार बसला होता. सरांनी हात पुढे करून तक्रार परत घेतली. "हा नाही, हा चुकून आला," असं म्हणत त्यांनी दुसरा कागद दिला. "विषय: आवाज चालू ठेवणेबाबत."

माणसाने पेन उचललं आणि ते तीन शब्द लिहायला त्याला बराच वेळ लागला. मागे रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला. लिहून झाल्यावर त्याने रजिस्टर सहीसाठी सरांकडे वळवलं. तिथे लिहिलं होतं: आजाव चालू ठेवणेबाबत.

सरांनी ते पाहिलं. रांगेत सातजण होते. सरांनी त्याखाली सही केली.

"मुलगी कशी आहे, साहेब?" त्या माणसाने एकदम खालच्या आवाजात विचारलं. अर्जाच्या तळाशी शाळेचा शिक्का होता. परीक्षेत मुलीच्या प्रवेशपत्रावर पाहिलेला तो शिक्का बहुधा चित्र म्हणून त्याच्या लक्षात राहिला असावा.

"बरी आहे," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी बसणार आहे."

त्याने मान हलवली आणि शिक्का फार हळू मारला.

उत्तर यायला अडीच महिने लागले. सर लिफाफा घेऊन दुकानात गेले. भिंगरीच्या फोनमध्ये त्यांनी वाचून दाखवायची सोय करून दिली होती. तिने कागदावर फोन धरला आणि फोन बोलू लागला:

"आजाव चालू ठेवणेबाबतच्या आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आजाव हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. तसेच आजाव यापूर्वी कधी चालू असल्याची नोंद आढळून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

"आजाव म्हणजे काय हो सर?" आईने विचारलं.

सरांनी खिडकीतल्या त्या माणसापासून सगळं सांगितलं. भिंगरीने फोन बाजूला ठेवला आणि कागद हातात घेऊन त्या शब्दाकडे पाहिलं, मग कागद जरा तिरका करून पुन्हा पाहिलं. "मला तर इथे 'आवाज'च दिसतंय," ती म्हणाली.

सरांनी कार्यालयात फोन लावला. साहेबांनी सांगितलं की नवा अर्ज केला तर नवा क्रमांक पडेल, आणि नव्या क्रमांकावर पुढच्या परीक्षेआधी विचार होण्याची शक्यता नाही. जुन्याच प्रकरणात स्मरणपत्र दिलं तर बघता येईल. मात्र स्मरणपत्राचा विषय रजिस्टरमधल्या विषयाशी अक्षरशः जुळला पाहिजे, नाहीतर फाईल सापडणार नाही.

सरांनी कापड कापायच्या टेबलावरचे तुकडे बाजूला सारले, कागद ठेवला आणि खिशातलं पेन काढलं. 'विषय' लिहून झाल्यावर पेन हवेत थांबलं. मग त्यांनी खाली मान घातली आणि लिहिलं: आजाव चालू ठेवणेबाबत. स्मरणपत्र पहिले.

"अक्षर मोठं काढा, सर," भिंगरी म्हणाली. "खिडकीत ते काका असतील."